पाठीमागचा माणूस

"चेंडू कुणाच्या हातून आला हे बघत बसलेल्या माणसाच्या हातात शेवटी चिखल उरतो," असं बोनिफास गेंडे एकदा रेडिओवर म्हणाला होता. त्याने खेळ सोडला त्या वर्षीची ही गोष्ट. इतके सामने खेळून काय शिकलास, असं मुलाखत घेणाऱ्याने विचारलं होतं. बोनिफासने घसा खाकरला आणि एवढंच सांगितलं. त्याची थोरली बहीण रेगिना तेव्हा निंगलांच्या वाडीत, नवऱ्याच्या घरी, राखेतली रताळी झटकत बसली होती. रेडिओकडे न बघताच ती म्हणाली, "वा रे शहाण्या! एवढंसं शहाणपण तुझ्या पोटात घालायला मला किती यातायात पडली, ते पण सांग की."

सिंबूच्या खोऱ्यात देवाने सपाट जमीन केली नाही. जी काही केली ती मिशनने. विमान उतरावं म्हणून डोंगराचा खांदा छाटून गवताची एक धावपट्टी काढली होती. तीही धड सपाट नव्हतीच, एक टोक वर आणि एक खाली. आठवड्यातून एकदा विमान मीठ, टपाल आणि पाद्री उतरवून जायचं. उरलेले दिवस पट्टी रग्बी खेळणाऱ्यांची. जुन्या सदऱ्यात उसाची पाचट कोंबायची, वेलीने करकचून बांधायचं, झाला चेंडू. बोनिफास सगळ्यात धाकटा, म्हणून त्याला नेहमी खालचं टोक मिळायचं. सगळं बालपण तो चढावर धावला. पुढे शहरातल्या सपाट मैदानांवर तो धावायचा तेव्हा बघणाऱ्यांना वाटे, हा माणूस धावत नाहीये, उतारावरून कोसळतोय, आणि कोसळणाऱ्याला अडवायचं कसं?

रेगिनाने त्याला पाठीवर वागवलं होतं. आईने विणलेल्या बिलुमचा पट्टा कपाळावर घ्यायचा आणि पाठीवरच्या त्या जाळीच्या झोळीत भाऊ, रताळी, सरपण, सगळं एकत्र. आईच्या झोळ्यांवर बेडकाच्या पावलांची नक्षी असायची. त्यांच्या बारिमा कुळाच्या वाडीत दुसरं कुणी ती विणत नसे. रेगिना ती आईकडून शिकली आणि लग्न होऊन ओढ्यापलीकडे निंगल कुळात गेली तेव्हा देज म्हणून आलेल्या डुकरांच्या बदल्यात जणू ती नक्षीच बरोबर घेऊन गेली. बारिमा आणि निंगल यांचं भांडण जुनं आणि सोयरीकही तितकीच जुनी. ज्याचा धूर आपल्याला दिसतो त्याच्याशीच माणूस भांडतो आणि त्यालाच मुलगी देतो. डोंगरापलीकडच्याशी कशाला कोण काय करतंय?

मग ओढ्याकाठच्या कॉफीच्या झाडांवरून लढाई लागली. झाडं कुणी लावली, जमीन कुणाची, हे दोन्ही बाजूंना नीट माहीत होतं, फक्त वेगवेगळं माहीत होतं. तिसऱ्या सकाळी बोनिफासच्या बापाची ढाल निसटून मागे पडली. ती उचलायला तो वळला आणि निंगलांचा बाण त्याच्या पाठीत शिरला. शत्रूकडे पाठ करू नये, हे त्यानेच मुलाला शिकवलं होतं.

रेगिना तोंडाला चिखल फासून बापाला रडायला आली. तिला कुणी अडवलं नाही, पण तिने सोलून पुढे केलेलं भाजलेलं रताळं आईने हाताने बाजूला सारलं. "चूल निंगलांची आहे, पोरी," आई म्हणाली. एवढंच. आणि बोनिफास, तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला, प्रेताशेजारी उभा राहून ओरडला, "त्यांच्या चुलीचं मी खाणार नाही!"

तो शब्द म्हणजे कुंपण होतं. ज्याचा बाप पडला त्या मुलाने मारणाऱ्यांच्या चुलीचं पहिलं खायचं, मग दोन्हीकडच्यांनी. तो खात नाही तोवर कुणीच नाही. बाजारात भेटा, देवळात शेजारी बसा, हसा, बोला. पण त्यांच्या आगीवरचं अन्न तोंडात गेलं तर मेलेला रागावतो, पोट सुजतं, माणूस जातो. त्यामुळे रेगिना आणि तिची आई आठवड्याच्या बाजारात भेटायच्या, एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि आपापलं खायच्या. आईचे दात गेले. मग नजर गेली. ती बोटांनी चाचपडत बेडकाची पावलं विणत राहिली. रेगिनाला जगात एकच गोष्ट हवी होती: आई जिवंत आहे तोवर तिला एकदा आपल्या हातचं मऊ काहीतरी भरवायचं. आणि त्या गोष्टीची किल्ली बोनिफासच्या दातांत होती.

बोनिफास मात्र धावत सुटला होता. आधी कुंडियावाच्या संघात, मग गोरोकाच्या. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. देशाकडे आपलं म्हणावं असं फार काही नव्हतं, पण रग्बी लीग होती आणि ती ऐकायला झाडाखाली एका रेडिओभोवती अख्खी वाडी गोळा व्हायची. क्वीन्सलंडमधल्या उसाच्या एका गावाने त्याला एक हंगाम बोलावून नेलं. परत आल्यावर लोकांनी विचारलं, कसा आहे गोऱ्यांचा देश? तो म्हणाला, "ऊस आहे, पण माणसं खात नाहीत. यंत्रं खातात." नंतर त्याला कुमुलांचा लाल सदरा मिळाला, देशाचा सदरा. बारिमांनी त्या दिवशी पट्टीवर डुकरं भाजली. ओढ्यापलीकडे रेगिना दारात उभी राहून भावाच्या मेजवानीचा धूर हुंगत होती.

पुढच्या वर्षी दुसरा सदरा तिच्याच घरात आला. तिचा धाकटा दीर तेओ मोंडो, दोन दातांत फट असलेला, तोंडाला कुलूप नसलेला पोरगा, बाजूच्या रेषेवरून असा पळायचा की मागे राहिलेले एकमेकांना विचारत, गेला का? संघाच्या प्रशिक्षकाने, किनाऱ्यावरच्या किला रागाने नावाच्या माणसाने, त्याला नेमका बोनिफासच्या बाहेर उभा केला.

"काय पाहुणे!" पहिल्याच दिवशी तेओने हाक मारली. "आमच्या वहिनीचे भाऊ तुम्ही. पाणी तरी घ्याल ना आमच्या हातचं?"

बोनिफास ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

या खेळात एक विचित्र नियम आहे. चेंडू पुढच्याला देता येत नाही. पुढे नुसतं घुसायचं आणि द्यायचा तो पाठीमागच्याला. अख्ख्या सिंबूला हा नियम पाठ होता. पण त्यात काय लपलंय ते बोनिफासलाच कळलं असावं: निंगलांचा एक माणूस आता सतत त्याच्या पाठीमागे होता.

राजधानीत, पोर्ट मोर्सबीत, न्यूझीलंडच्या पाहुण्या संघाशी पहिला सामना झाला. शेवटच्या मिनिटांत बोनिफास फळी फोडून निघाला. समोर एकच माणूस आणि बाहेर तेओ, एकटा, हात पसरून ओरडतोय. बोनिफासने मान वळवली, तेओला बघितलं, आणि चेंडू छातीशी घट्ट धरला. समोरच्याने त्याला उचलून आपटलं. चेंडू सुटला, सामना गेला. रेडिओवरचा माणूस घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "मोंडो मोकळा होता! अहो, मोकळा होता!"

बाजारात रेगिना कोबीचे गड्डे मांडत होती. शेजारची एक बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "निंगलांचं खात नाही म्हणे तो. पण चेंडू बरा एकट्याने खातो!"

बायका हसल्या. रेगिनाही हसली, कारण गोष्ट खरी होती. मग तिने कोबी जाऊबाईच्या हवाली केला आणि घरी गेली.

दुसरा सामना गोरोकाला होता. तेओने निरोप धाडला होता, वहिनी, इथले टिनमधले मासे आणि भात खाऊन जीव विटलाय, काहीतरी पाठव. रेगिनाने राखेत रताळी भाजली, पालेभाजी आणि धुरावर वाळवलेल्या डुकराचे तुकडे केळीच्या पानात बांधले आणि ट्रकच्या टपावर बसून निघाली. भावाशी काय बोलायचं ते तिने सगळ्या घाटात मनात घोकलं. गोरोका आलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

संघ एका शाळेच्या वसतिगृहात उतरला होता. रेगिनाने झोळी पडवीच्या खांबाला अडकवली आणि ती तेओला शोधायला मैदानाकडे गेली. तिथे तिला कळलं की गेंडेला उद्याच्या संघातून काढलंय. किला त्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्या डोंगरातली भांडणं मला कळत नाहीत, कळून घ्यायचीही नाहीत. माझ्या गावात माणूस नावेत पाठमोरा बसतो आणि मागचा सुकाणू धरतो. मागच्यावर भरवसा नसेल त्याने नावेतून उतरावं."

रेगिना धावतच पडवीकडे परतली. बोनिफास खांबाला टेकून बसला होता. मांडीवर झोळी, दोन्ही गालांत रताळं. नुकतंच रडून झालेल्या पोरासारखा तो खात होता.

"ताई! तू कधी आलीस?" तो म्हणाला. "आईने हे कुणाबरोबर पाठवलं? बेडकाची पावलं दिसली आणि म्हटलं, चला, कुणाला तरी आपली आठवण आहे. अजून तीच चव आहे बघ तिच्या हाताला."

रेगिना जागीच थांबली. ती काही बोलली नसती तर हे कुणालाही, कधीही कळलं नसतं. त्याने दुसरं रताळं मोडलं. बापाच्या मरणानंतर आपल्या हातचं खाताना तिने त्याला बघितलं नव्हतं. तिने ते एक रताळं त्याला संपवू दिलं. तेवढं स्वतःसाठी. मग म्हणाली, "झोळी मी विणलीय, बोनी. रताळी तेओसाठी आणली होती. चूल माझी आहे."

त्याचा जबडा थांबला. तो उठून भिंतीमागे गेला. तिला त्याचं ओकारी काढणं ऐकू आलं, पण पोटातून काहीच परत आलं नाही. तो आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मारलंस मला, ताई."

"पोट सुजलं तर सांग," रेगिना म्हणाली. "मी रोज खाते त्या चुलीचं. माझं अजून सुजलं नाही. बाप माझाही होता ना?"

"तू बाई आहेस."

"हो. म्हणून मला दोन्हीकडे भूक लागते."

तो खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. रेगिना पायरीवर बसून राहिली. तिलाही भीती वाटत होती, आणि ती भीती त्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. कारण तो मेला असता तर ती नुसती बापाच्या मारेकऱ्यांच्या घरची नव्हे, थेट भावाची मारेकरीण ठरली असती. पाण्यात दगड ठेवावा तशी ती त्या भीतीत बसली. सुरूच्या झाडांत वारा घासत होता. तेओ आला आणि त्याने सगळं ऐकलं. तोही खालच्या पायरीवर बसला.

उजाडलं तेव्हा दार उघडलं. बोनिफास पोटावर हात ठेवून उभा होता. तो बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिला.

"काय होतंय?" रेगिनाने विचारलं.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

तेओ खालच्या पायरीवरून उठला. "पाहुणे, माझी रताळी खाल्लीत म्हणे! एक तरी ठेवायचं होतं. जाऊ द्या. आज चेंडू द्या, फिटलं म्हणेन."

बोनिफासने त्याच्याकडे बघितलं. हसला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. मग तसाच अनवाणी किलाच्या खोलीकडे गेला. रेगिनाला दारातून एवढंच ऐकू आलं: "मला खेळव. तेओला माझ्या मागे ठेव."

"आणि तू मागे बघितलंस तर?"

"बघणार नाही."

गोरोकाच्या मैदानाला त्या दिवशी कुंपण होतं की नाही ते कुणाला दिसलंच नाही. माणसं भिंतीवर, छपरांवर, झाडांत घोसांनी लटकली होती. बारिमा एका बाजूला बसले होते, त्यांच्या शेजारी निंगल, आणि मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी गवताची पट्टी मोकळी. इतक्या गर्दीतही तिच्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं. रेगिना जाऊन त्या पट्टीत बसली. दोन्हीकडच्यांनी तिला ओळखलं आणि दोन्हीकडच्यांनी नजर फिरवली.

पाहुणे दांडगे होते. ते भिंतीसारखे यायचे, कुमुल पाण्यासारखे. भिंत पाण्याला अडवते आणि पाणी भिंत कुरतडतं. अर्धा सामना असाच गेला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा पाहुणे दोन गुणांनी पुढे होते. तेवढ्यात त्यांनी लांब मारलेला चेंडू तेओने आपल्याच रेषेजवळ झेलला, दोघांना चुकवलं आणि तिसरा अंगावर येताच आत फेकला, बोनिफासकडे. निंगलाच्या हातातून सुटलेली ती वस्तू हवेत गिरक्या घेत आली. रेगिनाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चेंडू बोनिफासच्या हातात होता आणि तो कोसळायला लागला होता.

त्याने एकाला खांद्याने उडवलं. दुसऱ्याने त्याचा सदरा धरला आणि सदरा फाटला. गर्दीचा आवाज आता आवाज राहिला नव्हता, ते हवामान झालं होतं. शेवटच्या रेषेपाशी दोघांनी मिळून त्याला धरलं, एकाने कमरेत, एकाने गळ्यापाशी. तो खाली जाऊ लागला. त्याची उघडी पाठ मैदानाकडे होती. आणि तसं पडता पडता, मान न वळवता, त्याने चेंडू पाठीमागे सोडला. पाठीमागे काय आहे हे न बघता. रिकाम्या हवेत.

ती हवा रिकामी नव्हती. तेओ तिथेच होता. त्याने चेंडू घेतला, कोपऱ्यात झेप टाकली आणि रेषेपलीकडे जमिनीला टेकवला. चार गुण, आणि सामना कुमुलांचा.

भिंती कोसळल्यासारखी माणसं मैदानात उतरली. एक अनोळखी म्हातारा रेगिनाचे दोन्ही हात धरून नाचत होता. बऱ्याच वेळाने तिने मागे वळून बघितलं. गवताची ती पट्टी कुठे होती हे आता सांगता येत नव्हतं; सगळीकडे पायच पाय होते.

पुढे बोनिफास बरीच वर्षं खेळला. कुमुलांचा कप्तान झाला, इंग्लंडच्या थंडीत दोन बोटं मोडून आला, फ्रान्समध्ये हरला, फिजीत जिंकला. पण सिंबूत त्याचं नाव काढलं की लोक आजही तोच चेंडू सांगतात, आणि सांगताना हात पाठीमागे नेऊन दाखवतात.

सामना जिंकला म्हणून तह होत नसतो. महिनाभराने निंगलांनी ओढ्यापलीकडे गवती छपराचा लांब मांडव घातला. खड्ड्यात दगड तापवले आणि केळीच्या पानांखाली डुकरं शिजवली. बारिमा ओढा ओलांडून आले, पण मांडवात बसले ते हाताची घडी घालून. आंधळी आई अलीकडेच, आपल्या दारात राहिली होती. गोरोकाच्या पडवीतली रताळी तिघांनाच ठाऊक होती आणि चोरून किंवा चुकून खाल्लेलं मोजत नसतात. मोजायचं ते चारचौघांत.

निंगल भरपूर बोलले. मग बोनिफासचा काका सिउने उठला. कुऱ्हाडीच्या दांड्यावर रेलून तो म्हणाला, "चेंडू वेगळा, डुक्कर वेगळं. पोरांनी खेळ केला, छान केला. पण माझ्या भावाच्या पाठीत बाण आहे अजून. त्याचा मुलगा इथे बसलाय. तो बोलू दे. तो काय बोलतो ते ऐकायला आलोय आम्ही."

"हो, बोलू दे!" दोन्हीकडून आवाज उठले. "बोल रे, गेंडे!"

आमच्याकडे मोठा माणूस म्हणजे बोलणारा माणूस. असा प्रसंग आला की माणूस बापाच्या बापापासून सुरुवात करतो आणि दुपार कलली तरी थांबत नाही. रेगिना बायकांत बसली होती. तिने झोळीचा पट्टा मुठीत आवळला. तिला आईचं दार दिसत होतं, ओढ्यापलीकडे, एका हाकेवर.

बोनिफास उठला. तो रेगिनाच्या नवऱ्यासमोर, वामिलसमोर, जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. वामिलला आधी कळलंच नाही. मग त्याने मांसाचा एक तुकडा त्या तळव्यावर ठेवला. बोनिफासने तो तोंडात घातला आणि चावला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. गिळला. सिउनेच्या हातातला कुऱ्हाडीचा दांडा हळूच जमिनीवर आडवा झाला.

सगळे आता भाषणाची वाट बघत होते. बोनिफास खाली वाकला. पानावरचा काळजाचा एक मऊ तुकडा, बिनदातांच्या तोंडाला चालेल असा, त्याने निवडला आणि केळीच्या पानात गुंडाळून रेगिनाच्या हातात दिला. ती उठून उभी राहिली तेव्हा तिने तो झोळीत ठेवला. तोवर मांडवात कुणीतरी हुंदका दिला होता आणि कुणीतरी मोठ्याने पहिला तुकडा मागितला होता.

बोनिफासने मग बहिणीच्या हातातली बेडकाच्या पावलांची झोळी घेतली, बायका घेतात तसा तिचा पट्टा स्वतःच्या कपाळावर घेतला, अख्ख्या निंगलांकडे पाठ केली आणि एकदाही मागे न बघता, एक शब्द न बोलता, रेगिनाच्या पुढे मांडवातून बाहेर पडला, आईच्या दाराकडे.